ठणकणारी गाठ

यंदा लावणीच्या दिवसांत माझ्या डाव्या जांघेत गाठ आली. ती ठणकायला लागली तेव्हा मला आनंद झाला. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू केमोने केसांबरोबर माझी अक्कलही नेली. बायकोने तर सरळ विचारलं, "अवो, गाठ आली म्हणून कोण हसतं का?"

मी हसत होतो हे खरं. पण त्याच पायातून कॅन्सरची गाठ दोनदा काढलेली होती, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा उठली तर पाय वाचवता येणार नाही. त्यामुळे हसण्याचं कारण नीट सांगायला हवं.

आमची भाताची खाचरं कर्जत आणि खालापूरच्या मधल्या पट्ट्यात आहेत. मी रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होतो. पहिली पाळी करून घरी आलो की दुपारनंतर शेतात, असं आयुष्य गेलं. आमच्याकडे ज्याचा पाय चिखलात जातो त्याला चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यात कातडं पांढरं पडतं, फाटतं, आणि मग एक दिवस जांघेत गाठ येते. लिंबाएवढी, ठणकणारी, पाऊल उचलताना जीव काढणारी. तिला अवधाण म्हणतात. पायाची जखम भरली की अवधाण बसतं. लावणी चालू असताना वाडीतला एखादा तरी माणूस पाय फाकवून चालताना दिसतोच, आणि त्याला काय झालं असं कुणी विचारत नाही. फक्त थट्टा करतात. "काय रं, घोडा कुठं सोडलास?"

अवधाण उतरवण्याचं काम काकीचं. काकी म्हणजे माझी धाकटी चुलती. तिचं घर आमच्या घराला लागून आहे, मधे नुसती एक पडवी. तिची रीत अशी होती. ओल्या मातीवर पाय ठेवायला सांगायचा, विळ्याच्या टोकाने पावलाभोवती रेघ ओढायची, मग पाय उचलायला लावून त्या ठशावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. तोवर दोघांनीही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शेवटी ठशातली चिमूटभर माती उचलून ज्याचं दुखणं त्याच्याच चुलीत नेऊन टाकायची. हे सगळं झालं की मग ती सांगायची: पाय धू, कोरडा कर, खोबरेल लाव, आणि बरं होईस्तोवर चिखलात जाऊ नको. अवधाण बसतं ते या शेवटच्या सांगण्याने आणि नाव होतं विळ्याचं, असं मी तिला तोंडावर म्हणायचो. ती म्हणायची, "तू तुझ्या मशिनी बघ. माझ्या कामात नाक खुपसू नको."

पहिल्या गाठीच्या वर्षी मला दोन्ही एकदम झालं होतं. हे अर्थात फार नंतर कळलं. जांघेत नेहमीचं अवधाण होतं आणि त्याच्या खाली, मांडीच्या आतल्या बाजूला चारेक बोटांवर, आणखी एक गाठ होती. काकीने विळा फिरवला, मी पाय कोरडा ठेवला, जांघेतली गाठ बसली, ठणका गेला. खालची राहिली. काकीने बोटाने दाबून पाहिलं.

"दुकतं का?"

"नाय."

"मग झालं. मुरल ती."

मलाही ते पटलं. वाडीत ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना पटलं. भातशेती करणाऱ्या माणसाच्या मांडीत पावसाळ्यात गाठ आली तर ते अवधाण, आणि दुखायचं थांबलं म्हणजे ते उतरलं. यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात जायची आमच्याकडे पद्धत नाही. दुखणाऱ्यासाठीसुद्धा आम्ही हातातलं काम संपवून जातो.

भात झोडून पेंढा रचून झाला तोवर ती गाठ कोंबडीच्या अंड्याएवढी झाली होती. कारखान्यात उकिडवं बसून व्हॉल्व्ह खोलताना पँट तिथे आवळायला लागली. मग एकदा कर्जतला खत आणायला गेलो असताना भिसेगावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सहज दाखवली. त्यांनी दोन्ही हातांनी चाचपली. मला म्हणाले, "हिला इथे कुणालाही हात लावू द्यायचा नाही. चरबीची गाठ आहे, काढून टाकू, असं कुणी म्हणालं तरी ऐकायचं नाही. मुंबईला जा, आधी तपास होऊ दे." त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. अशी गाठ अर्धवट कापली की पुढचं सगळं बिघडतं, हे मला पुढे मुंबईत समजलं.

मुंबईच्या इस्पितळात एमआरआय झाला, जाड सुई घालून गाठीचा तुकडा काढला, आणि आजाराला नाव मिळालं. सार्कोमा. स्नायू, चरबी, हाडं अशा ठिकाणी होणारा कॅन्सर. त्यातही माझा जो प्रकार होता तो दुर्मिळ, असं डॉक्टर म्हणाले. वाडीत येऊन मी हे सांगितलं तर एकाने भाबडेपणाने विचारलं, "दुर्मिळ म्हंजे चांगलं ना?" त्या सगळ्या दिवसांत मी पोटभर हसलो तो तेवढाच.

मी तंबाखू खात नव्हतो याचा मला फार राग आला. खाल्ली असती तर निदान कारण तरी मिळालं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण कारण शोधत यायचा. कुणी कारखान्याचा वास काढायचा, कुणी शेतावरच्या फवारणीचा. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "याचं कारण मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका." मला हा डॉक्टर तिथेच आवडला. ज्याला माहीत नाही ते माहीत नाही म्हणता येतं, त्याच्या हातात पाना द्यायला हरकत नसते.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी कागदावर मांडीचं चित्र काढलं. गाठ एवढीशी आणि कापायचा भाग तिच्या सगळ्या बाजूंनी बराच मोठा. बायको घाबरली. मला मात्र चटकन कळलं. गंजलेला पाइप कापायचा तर गंज दिसतो तिथे कापून चालत नाही, पुढे चांगलं लोखंड लागेपर्यंत जावं लागतं, नाहीतर नवा जोड महिन्याभरात गळतो. मी तसं म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच. फक्त इथे जवळून मोठी रक्तवाहिनी जाते, म्हणून मला हवं तेवढं लांब जाता येणार नाही. जे राहण्याची भीती आहे, त्यासाठी नंतर किरणांचा शेक देऊ."

गाठ निघाली. मग रोज शेक. मशिनखाली पडायचं, थोड्या वेळाने उठायचं, कातडी मात्र उन्हात राबल्यासारखी काळी पडत जाते. आम्ही इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत राहत होतो. बायको तिथल्या बायकांना तांदळाच्या भाकऱ्या शिकवायची आणि त्या फाटल्या की माझ्यापाशी येऊन त्यांच्या तक्रारी करायची. शेक संपले आणि आम्ही घरी आलो. मी बरा होतो. मला तर वाटत होतं, झालं, काम संपलं.

पण घरी आलो तर काकी बदललेली.

एरवी दिवसातून दहा वेळा आमच्या स्वयंपाकघरात शिरणारी बाई पडवीच्या तिच्या टोकाला बसून राहायची. आमच्यासाठी शेंगा, भोपळ्याचा वेल, अळूची पानं पाठवायची, पण उंबरा ओलांडायची नाही. मी बोलावलं की म्हणायची, "नको रं, पाय मातीचं हायत." त्या पावसात शेजारच्या वाडीतून एक जण अवधाण उतरवायला आला. तिने त्याला दारातूनच परतवलं. "डाक्टरकडं जा. मला नाय येत त्ये."

मी तिच्यावर चिडलो. खरं सांगायचं तर आजारावर चिडलो नसेन इतका चिडलो. म्हटलं, "काकी, मला वाटलं अवधाण, साऱ्या वाडीला वाटलं अवधाण, आणि तू एकटीच काय जबाबदारी घेऊन बसलीस? तुला काय एमआरआय येतो?" ती म्हणाली, "तू मुरल का म्हणून आला व्हतास. मी हो बोलले. माज्या हो बोलण्यावर तू थांबलास." ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून त्यात तिचा दोष होता असं नाही. हे मी तिला किती प्रकारांनी सांगितलं, पण ती मान हलवायची आणि उठून आत जायची.

आता दुसरी गाठ. कारखान्यात माझी एक सवय होती. गळती बंद केली की काम झालं म्हणून कुलूप लावायचं नाही. जोडावर पुन्हा पुन्हा हात फिरवून बघायचा. ओलावा डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो. तोच नेम मी मांडीला लावला. रोज अंघोळ करताना साबणाच्या हाताने टाक्यांच्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत. बायको म्हणायची, "किती कुरवाळता त्या मांडीला, माजा हात कवा धरला नाय तो एवढा." ती रेघ, तिच्यातले उंचवटे, तिचं कडक झालेलं कातडं मला तोंडपाठ झालं. त्यामुळे एका सकाळी रेघेच्या खालच्या टोकाशी हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं तेव्हा ते काल नव्हतं हे मला लगेच कळलं. दुखत नव्हतं. बायको म्हणाली, टाक्याची गाठ असेल. मी म्हटलं, असेल, पण जायचं. तपासणीची तारीख लांब होती, तरी आम्ही गेलो.

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. म्हणाले, "परत आलीय. छोटी आहे, तुम्ही लवकर आलात. फुफ्फुसं स्वच्छ आहेत, ही मोठी गोष्ट आहे. पण यावेळी ती रक्तवाहिनीला टेकलीय. उघडल्यावर ती वाहिनीत घुसलेली दिसली, तर मला पाय ठेवता येणार नाही. दोन्हींसाठी तुमची सही लागेल."

मी सही केली. पाय गेला तर गेला, मी जात नाही, असं बायकोला म्हणालो. म्हणताना आवाज ठीक होता. पण भीती वाटली. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, समोर वरण-भाताचं ताट असताना. पाय नसलेला मी बांधावर कसा उभा राहीन एवढंच डोळ्यांसमोर येत होतं आणि घास गिळवत नव्हता. बायकोने ताट बाजूला केलं आणि माझा हात धरून बसली. आम्ही दोघंही रडलो. मग ती म्हणाली, "आता जेवा," आणि मी जेवलो.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा मान उचलता येईना. अंगठा हलवून पाहावा, तर असं ऐकलं होतं की गेलेल्या पायाचा अंगठासुद्धा हलल्यासारखा वाटतो. म्हणून मी बायकोला विचारलं.

"हाय का?"

"हाय," ती म्हणाली.

पाय राहिला. मांडीचा बराच स्नायू गेला, रक्तवाहिनीचा एक तुकडा काढून तिथे दुसरीकडची शीर जोडली. एकदा शेक दिलेल्या जागी पुन्हा तितका शेक देता येत नाही, म्हणून केमो घेतली. केस गेले, चव गेली, दोन्ही परत आले. गुडघा मात्र आता मधेच दगा देतो, म्हणून पट्टा लावतो आणि काठी घेतो. नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली. आणि निरोप देताना डॉक्टरांनी ते तिसऱ्या वेळेचं वाक्य सांगितलं. मी ते ऐकलं, खिशात टाकलं, आणि बांधावर उभा राहायला घरी आलो.

यंदा लावणीला डोंगरवाडीवरून बायका आणल्या होत्या. मला चिखलात उतरायची मनाई. बायकोने माझ्यासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले आणि ते घातल्याशिवाय घराबाहेर सोडायची नाही. मी दिवसभर ते घालून बांधावर उभा. वरून पाऊस बुटात, आतून घाम बुटात. चिखलापासून वाचवायला आणलेल्या बुटांनीच मला चिखल्या केल्या, त्याही अशा की करंगळीजवळचं कातडं सोलून आलं. आणि चार-पाच दिवसांत जांघेत गाठ. लिंबाएवढी. ठणकणारी.

म्हणून मी हसत होतो. कॅन्सरच्या माझ्या दोन्ही गाठी एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या. ही तर ओरडत होती. पण बोटांच्या बेचक्यातली जखम दिसत असली आणि ठणका ओळखीचा असला तरी त्यावर विसंबून बसणं मी आता सोडलंय. दुखतं म्हणून साधी, दुखत नाही म्हणून वाईट, असा हिशेब करता येत नाही, हे डॉक्टरांनी मला बजावलं होतं. आणि एकदा आम्ही साऱ्यांनी तो हिशेब केला होताच.

पडवीतून काठी टेकत, पाय फाकवत मी गाडीकडे निघालो. समोर चार माणसं बसली होती. यंदा घोडा कुठे सोडला असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी खाली पाहिलं. काकी तिच्या दारात उभी होती, तिने पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. मला हाक मारून सांगावंसं वाटलं की अगं, दुखतंय, घाबरू नको. पण मलाही अजून नक्की माहीत नव्हतं, म्हणून गाडीत बसलो.

मुंबईला डॉक्टरांनी आधी बुटातून पाय काढायला लावला, बोटं पाहिली, मग जांघ. सोनोग्राफी केली. सुई घातली. जुन्या जागेचा एमआरआय केला, छातीचा स्कॅन केला. निकाल यायला काही दिवस लागणार होते. ते दिवस मी कसे काढले ते विचारू नका. दिवसातून कितीतरी वेळा दाबून बघायचो की अजून दुखतंय ना. दुखलं की बरं वाटायचं. गोळ्यांनी दुखणं कमी व्हायला लागलं तेव्हा मात्र मी दाबून बघणं सोडलं.

निकालाच्या दिवशी डॉक्टर समोरच्या कॉम्प्युटरवर वाचत होते आणि बायकोने माझं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठला. ते म्हणाले, "जुनी जागा स्वच्छ. छाती स्वच्छ. जांघेत नुसती संसर्गाची सूज आहे. पायाच्या बोटांमुळे. तुमच्याकडे याला काहीतरी म्हणतात ना?"

"अवधाण," मी म्हणालो.

ते म्हणाले की तपासण्या चालूच राहतील, हा आजार विसरून चालण्यातला नाही. मी म्हटलं, मी कुठे विसरतोय, हात रोज फिरतो. गमबूट बंद, असं त्यांनी सांगितलं आणि बायकोने मान खाली घातली.

घरी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. मी घरात गेलो नाही. पडवी ओलांडून काकीच्या अंगणात गेलो, चप्पल काढली आणि ओल्या मातीवर डावा पाय ठेवला.

"काकी, विळा आण."

ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. हलली नाही.

"सुई घातली व्हती का?" तिने विचारलं.

"घातली."

"फोटू काडला? छातीचा पन?"

"काढला."

"डाक्टर काय बोलला?"

"अवधाण."

ती मग आत गेली आणि विळा घेऊन आली. त्याला गंज चढला होता. गुडघे धरत खाली बसली आणि माझ्या पावलाभोवती रेघ ओढायला लागली. रेघ वाकडी येत होती. मला काहीतरी थट्टेचं बोलायचं होतं, पण बोलायचं नसतं म्हणून मी गप्प राहिलो. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तीही गप्पच होती. मी काठीवर भार देऊन पाय उचलला. तिने ठशावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, चिमूटभर माती उचलली, आणि उठली.

माती ज्याचं दुखणं त्याच्याच चुलीत टाकायची असते. आमच्या स्वयंपाकघरात आता गॅस आहे, चूल आहे ती मागल्या दारी, अंघोळीचं पाणी तापवायची. तिथे जायचं तर सगळं घर ओलांडून जावं लागतं. काकी मूठ मिटून पडवीतून चालत गेली आणि आमच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबली. बायको आतून म्हणाली, "काकी, या."

ती आत गेली. मी तिथेच एका पायावर उभा होतो. थोड्या वेळाने आमच्या घराच्या पार मागून तिचा आवाज आला, पूर्वीसारखा, अंगावर आल्यासारखा.

"पाय धुतलास का रं?"